एएमएलच्या रिपोर्टमधली गुणसूत्रांची ओळ कशी वाचायची

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल हा रक्ताचा कर्करोग, असल्याचं कळल्यावर रिपोर्टांचा जो गठ्ठा जमतो, त्यात कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, कागद बहुधा मागाहून येतो. त्यावर गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने मांडलेला एक काळापांढरा फोटो असतो आणि त्याखाली असं काहीतरी लिहिलेलं असतं:

४६,एक्सएक्स,टी(८;२१)(क्यू२२;क्यू२२.१)[१८]/४६,एक्सएक्स[२]

छापील रिपोर्टवर हे रोमन लिपीत असतं, वाचायची रीत तीच. घरच्यांना ही ओळ लॉकरच्या नंबरासारखी वाटते. डॉक्टर मात्र कागद हातात आला की आधी तीच बघतात. केमो कितपत लागू पडेल, आजार उलटण्याची भीती किती, बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटची तयारी करायची की नाही, याचा बराचसा अंदाज या ओळीवरून बांधला जातो.

ओळ फोडून बघू. ४६ म्हणजे पेशीतली एकूण गुणसूत्रं. एक्सएक्स म्हणजे पेशंट स्त्री आहे. टी म्हणजे ट्रान्सलोकेशन: दोन गुणसूत्रं तुटली आणि जोडताना तुकड्यांची अदलाबदल झाली. पहिल्या कंसात कोणती दोन ते लिहिलेलं असतं, इथे ८ आणि २१. दुसऱ्या कंसात ती नेमकी कुठे तुटली ते. प्रत्येक गुणसूत्राला एका ठिकाणी आवळल्यासारखी कंबर असते. तिच्या एका बाजूचा आखूड हात म्हणजे पी आणि दुसऱ्या बाजूचा लांब हात म्हणजे क्यू. क्यू२२ हे ‘क्यू बावीस’ नाही, ‘क्यू दोन-दोन’ असं वाचतात: लांब हाताचा दुसरा भाग, त्यातला दुसरा पट्टा. चौकोनी कंसातले आकडे म्हणजे पेशींची मोजणी. वीस पेशी तपासल्या, अठरांत बिघाड दिसला, दोन साध्या निघाल्या. मधली तिरकी रेघ या दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या दाखवते.

आणखी काही खुणा लागतात. ‘डेल’ म्हणजे तुकडा गळून गेला. ‘इन्व्ह’ म्हणजे एकाच गुणसूत्रातला तुकडा सुटून उलटा बसला. आकड्याच्या आधी अधिक चिन्ह असेल तर ते गुणसूत्र एक जास्त आहे, वजा असेल तर एक कमी. ‘मार’ म्हणजे कुठून आलं ते ओळखता न येणारं गुणसूत्र. ते दिसलं की बाकीची ओळही सहसा लांबलचक आणि गुंतागुंतीची असते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. [१८]/[२] याचा अर्थ ‘नव्वद टक्के आजार’ असा नाही. कॅरिओटाइपमध्ये फक्त लॅबमध्ये विभागल्या जाणाऱ्या पेशी दिसतात. मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या कर्करोगी पेशी, किती टक्के आहेत तो आकडा वेगळ्या तपासणीतून येतो आणि वेगळ्या कागदावर असतो. या दोन आकड्यांची सांगड घालायला जाऊ नये.

नमुना घेतानाच काय बिघडतं

गुणसूत्रं एरवी पेशीत सुताच्या गुंत्यासारखी पसरलेली असतात आणि एकेक वेगळी दिसत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात आली की ती आखडून जाड होतात आणि तेवढ्या वेळातच त्यांचा फोटो काढता येतो. म्हणून कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, आणि बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथेच आहे.

मॅरोचा नमुना सोडियम हेपारिनच्या, बहुधा हिरव्या टोपणाच्या, ट्यूबमध्ये जावा लागतो. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमधला नमुना जनुकांच्या तपासण्यांना योग्य असतो, पण पेशी वाढवायला चांगला नाही. सुईतून पहिल्यांदा ओढलेला मॅरो सगळ्यांत दाट असतो. पुढच्या ओढण्यांत रक्त मिसळत जातं. पहिला अंश स्लाइडला, दुसरा फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचा प्रकार ओळखण्याच्या तपासणीला) आणि उरलंसुरलं गुणसूत्रांना अशी वाटणी झाली, तर ‘पेशींची वाढ झाली नाही’ असा शेरा येतो आणि मग सगळे हळहळतात. नमुना गोठवला किंवा उन्हात तापला तरी तेच होतं. सुईत काहीच आलं नाही आणि रक्तात ब्लास्ट भरपूर असतील, तर रक्तावरही ही तपासणी करता येते.

लॅबमध्ये पेशी २४ ते ४८ तास वाढवतात. एएमएलच्या पेशी आपणहून विभागतात, त्यांना चालना देणारं औषध घालावं लागत नाही. उलट लिम्फोसाइटना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) उत्तेजन देणारं रसायन घातलं तर निरोगी पेशीच जोमाने वाढतात आणि रिपोर्ट फसवा ‘नॉर्मल’ येतो. मग कोल्सेमिड घालून पेशी विभागणीच्या मध्यावर थोपवतात, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवतात, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात पक्क्या करतात आणि थेंब थेंब स्लाइडवर सोडतात. ट्रिप्सिन आणि गीम्सा रंगाने गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटतात. पट्ट्यांच्या क्रमावरून जाणकार माणूस प्रत्येक गुणसूत्र ओळखतो. आता जुळवणीला संगणक मदत करतो, पण डोळा अजून माणसाचाच लागतो.

किमान वीस पेशी तपासण्याचा प्रघात आहे. एखादं गुणसूत्र जास्त असेल किंवा तुटून जोडलेलं असेल, तर तोच बिघाड निदान दोन पेशींत दिसावा लागतो. गुणसूत्र कमी असेल तर निदान तीन पेशींत, कारण स्लाइड करताना एखादं गुणसूत्र निसटून बाजूला पडू शकतं. म्हणूनच आठ-दहा पेशींवर दिलेला ‘नॉर्मल’ आणि वीस पेशींवरचा ‘नॉर्मल’ यांना एकच मान देणं चूक आहे. चौकोनी कंसातला आकडा बघायचा तो यासाठी.

कॅरिओटाइप यायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. तो फसला किंवा घाई असली की ‘फिश’ करतात. त्यात ठरावीक जागेला चिकटणारे चमकणारे डीएनएचे तुकडे वापरून बहुधा दोनशे पेशी मोजतात. पेशी विभागायची गरज नसते आणि उत्तर दिवसा-दोन दिवसांत मिळतं. मात्र फिश विचारलं तेवढंच सांगतं. १५ आणि १७ च्या अदलाबदलीसाठी तपासलं आणि ती नसली, तर उत्तर ‘निगेटिव्ह’. त्याच पेशीत ७ वं गुणसूत्र गायब असलं तरी त्याबद्दल चकार शब्द नाही. ‘फिश निगेटिव्ह आहे, म्हणजे गुणसूत्रं चांगली आहेत’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं: कशासाठी केलं होतं फिश?

अनुकूल गट

गुणसूत्रांतल्या बिघाडावरून पेशंटांचे अनुकूल, मधला आणि प्रतिकूल असे तीन गट पाडतात. शिकागोच्या संशोधक जॅनेट राउली यांनी ८ आणि २१ ची अदलाबदल १९७३ साली मांडली. फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावत. १५ आणि १७ ची अदलाबदलही १९७७ साली त्यांनीच दाखवली. ब्रिटनमधल्या एएमएल-१० या उपचारांच्या चाचणीतल्या १,६१२ पेशंटांचा हिशेब १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि गुणसूत्रांचं वजन किती ते आकड्यांत दिसलं. अनुकूल गटातले ६५ टक्के, मधल्या गटातले ४१ टक्के आणि प्रतिकूल गटातले १४ टक्के पेशंट पाच वर्षांनी हयात होते. यातली मुलं आणि मोठी माणसं ५५ वर्षांपर्यंतची होती, औषधं त्या काळातली होती. तेव्हा हे आकडे आजच्या सत्तरीतल्या माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. गटांमधलं अंतर मात्र खरं आहे.

आज सर्वाधिक वापरात असलेली वर्गवारी युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञांच्या संघटनेची, २०२२ सालची. तिच्यात गुणसूत्रांवरून अनुकूल ठरणारे बिघाड दोन: टी(८;२१) आणि इन्व्ह(१६). दिसायला वेगळे असले तरी ते एकाच यंत्राची खीळ काढतात. रक्तपेशी पिकवणारी काही जनुकं चालू करायला दोन प्रथिनांची जोडी लागते. तिच्यातलं एक बनवणारं जनुक २१ व्या गुणसूत्रावर, दुसरं १६ व्यावर. यांपैकी कोणतंही तुटून भलत्या जनुकाला जोडलं गेलं की जोडी लंगडी पडते आणि पेशी कच्च्याच राहतात. या पेशी सायटाराबिन या केमोच्या औषधाला चांगला प्रतिसाद देतात, म्हणून रेमिशननंतर (आजाराच्या खुणा तपासणीत दिसेनाशा झाल्यावर) त्या औषधाचे मोठ्या डोसचे तीन-चार कोर्स देऊन पुष्कळदा ट्रान्सप्लांटशिवाय भागतं. जेमटुझुमॅब हे औषध सोबत दिल्याचा फायदाही याच गटात सर्वांत ठळक दिसतो.

इन्व्ह(१६) नजरेतून निसटतं. पट्टे नीट उमटले नसतील तर उलटा बसलेला तुकडा सरळच वाटतो. मॅरोत विचित्र दाणे असलेल्या इओसिनोफिल पेशी दिसल्या आणि कॅरिओटाइप नॉर्मल आला, तर १६ व्या गुणसूत्राचं फिश करून घ्यायलाच हवं. एका चुकलेल्या पट्ट्यापायी पेशंटचा गट बदलतो आणि गरज नसताना ट्रान्सप्लांटची गाडी सुरू होते.

टी(१५;१७) या वर्गवारीत धरत नाहीत, त्याची गोष्ट न्यारी आहे. हा अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल. नॉर्वेच्या हिलेस्टॅड यांनी १९५७ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा तो एएमएलमधला सगळ्यांत घातक प्रकार होता: रक्तस्रावाने माणूस काही आठवड्यांत जाई. या अदलाबदलीत ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित एका रिसेप्टरचं (संकेत घेणाऱ्या प्रथिनाचं) जनुक तुटतं. १९८० च्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी त्याच जीवनसत्त्वाचं रूप असलेलं एट्रा हे औषध वापरलं आणि अडकलेल्या पेशी पिकू लागल्या. पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली. पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर गेलेल्या नसतील, तर आता या दोन औषधांवर, नेहमीच्या केमोशिवाय, दहापैकी नऊहून अधिक पेशंट बरे होतात. तेच गुणसूत्र, तीच अदलाबदल. औषध बदललं आणि सर्वांत वाईट बिघाड सर्वांत चांगला ठरला. प्रॉग्नोसिस, म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज, हा गुणसूत्राचा जन्मजात गुण नाही, तो त्या वेळच्या उपचाराला बांधलेला असतो.

एपीएलमध्ये आजही जे मृत्यू होतात ते बहुतेक पहिल्या दिवसांतले, रक्तस्रावाचे. म्हणून पेशी पाहून नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न बघता एट्रा सुरू करायचं असतं. नंतर निदान चुकलं असं निघालं तर औषध बंद करता येतं. उशिराची भरपाई मात्र करता येत नाही.

मधला गट, म्हणजे बहुधा ‘नॉर्मल’

मोठ्या माणसांच्या एएमएलमध्ये जवळपास निम्म्यांचा कॅरिओटाइप नॉर्मल येतो. घरी आनंद होतो, पण त्याचा अर्थ इतकाच की बिघाड सूक्ष्मदर्शकाच्या पट्ट्यांना दिसण्याइतका मोठा नाही. एनपीएम१ या जनुकात चार अक्षरं घुसली की तिथे एएमएल होऊ शकतो. गुणसूत्राचा एक पट्टा लाखो अक्षरांचा असतो. अशा वेळी जनुकांच्या तपासण्या निकाल लावतात. एनपीएम१ मध्ये बदल आहे आणि एफएलटी३-आयटीडी (एफएलटी३ या जनुकातला एक बदल) नाही, तर गट अनुकूल. दोन्ही आहेत, तर मधला. एएसएक्सएल१, आरयूएनएक्स१, एसआरएसएफ२ यांसारख्या जनुकांत बदल असले आणि सोबत अनुकूल खूण नसली, तर कॅरिओटाइप नॉर्मल असूनही गट प्रतिकूल. काही अदलाबदली गुणसूत्रांच्या अगदी टोकाला होतात आणि दोन्ही तुकडे पट्ट्यांत सारखेच दिसतात. ५ आणि ११ मधली अशी एक अदलाबदल साध्या कॅरिओटाइपमध्ये दिसतच नाही.

टी(९;११) मधल्या गटात मोडतं. ११ व्या गुणसूत्राच्या त्याच जागेच्या इतर अदलाबदली प्रतिकूल मानल्या जातात. जोडीदार कोण, यावर सगळं ठरतं.

प्रतिकूल गट

आता ही ओळ बघा: ४५,एक्सवाय,−७[१७]/४६,एक्सवाय[३]. पुरुष, ७ वं गुणसूत्र एक गायब. गट प्रतिकूल. तिच्याशेजारी ही ठेवा: ४५,एक्स,−वाय,टी(८;२१)(क्यू२२;क्यू२२.१)[२०]. इथेही ४५, इथेही एक गुणसूत्र हरवलेलं. पण टी(८;२१) सोबत वाय जाणं नेहमीचं आहे आणि त्याने गट बदलत नाही; हा पेशंट अनुकूल गटातच राहतो. सुरुवातीचा आकडा बघून घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही फसवं.

५ वं किंवा ७ वं गुणसूत्र पूर्ण जाणं, ५ च्या लांब हाताचा तुकडा गळणं, १७ च्या आखूड हातातला बिघाड, टी(६;९), इन्व्ह(३), टी(९;२२) हे प्रतिकूल गटातले मुख्य. ५ आणि ७ चे बिघाड दुसऱ्या कर्करोगासाठी पूर्वी काही ठरावीक प्रकारची केमो किंवा रेडिएशन घेतलेल्यांत, तसंच आधी मायलोडिस्प्लासिया (मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) असलेल्यांत जास्त आढळतात. इन्व्ह(३) ची गंमत वेगळी आहे. यात नवं जोडप्रथिन तयार होतच नाही. एका जनुकाला चालू ठेवणारं बटण उचकटून दुसऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतं आणि ते दुसरं जनुक अखंड चालू राहतं. प्लेटलेट कमी असणं ही एएमएलची नेहमीची खूण, पण इथे त्या नॉर्मल किंवा वाढलेल्याही असू शकतात.

१७ च्या आखूड हातावर टीपी५३ हे जनुक आहे. डीएनए मोडल्याचं ओळखून पेशीला मरणाची आज्ञा देणं हे त्याचं काम. नेहमीची केमो डीएनए मोडते आणि पुढचं काम बऱ्याच अंशी या जनुकावर सोपवते. तेच निकामी असेल तर मोडलेली पेशी मरत नाही, तशीच विभागत राहते. म्हणून टीपी५३ चा बिघाड आणि तीन-चार ठिकाणी मोडलेली गुणसूत्रं वारंवार एकत्र दिसतात, आणि सगळ्या वर्गवाऱ्यांत हा गट तळाशी असतो. डोस वाढवून इथे फारसं साधत नाही.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन किंवा अधिक बिघाड असले की ‘कॉम्प्लेक्स कॅरिओटाइप’ म्हणतात. मोजताना दोन अपवाद लक्षात ठेवायचे. टी(८;२१), इन्व्ह(१६) यांसारखा गट ठरवणारा बिघाड असेल तर सोबतचे मोजून पेशंटला प्रतिकूल गटात ढकलायचं नाही. आणि नुसती गुणसूत्रं जास्त आहेत, तीन किंवा अधिक, पण तुटफूट कुठेच नाही, तर २०२२ पासून त्याला कॉम्प्लेक्स धरत नाहीत. इन्व्ह(९) दिसलं तर तोही बहुधा आजाराचा भाग नसतो. कित्येक निरोगी माणसांत ते जन्मतःच असतं.

गट कळल्यावर

प्रतिकूल गटात पहिलं रेमिशन मिळताच दात्याकडून ट्रान्सप्लांट, पेशंटची प्रकृती झेपणारी असेल तर, हा सर्वसाधारण मार्ग आहे. मधल्या गटातही त्याचा विचार होतो. ढोबळ हिशेब असा: ट्रान्सप्लांटशिवाय आजार उलटण्याची शक्यता ३५ ते ४० टक्क्यांहून जास्त वाटत असेल, तर ट्रान्सप्लांटचा स्वतःचा धोका पत्करणं योग्य ठरतं. दाता शोधायला आठवडे लागतात, म्हणून भावंडांची एचएलए (दाता जुळतो का हे बघणारी) तपासणी निदानाच्या आठवड्यातच व्हावी. रेमिशनची वाट बघत बसण्यात वेळ जातो आणि कधी रेमिशनही.

निदानाच्या दिवशी ठरलेला गट पुढे हलतो. दोन केमोंनंतर रक्तात एनपीएम१ चा अंश उरला असेल, तर अनुकूल गटातल्या पेशंटलाही ट्रान्सप्लांटचा सल्ला मिळू शकतो. शिवाय २०२२ ची वर्गवारी मुख्यतः कडक केमो घेतलेल्या पेशंटांवर बेतलेली आहे. वयामुळे अ‍ॅझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स अशी सौम्य औषधं घेणाऱ्यांना ती नीट लागू पडत नाही, म्हणून २०२४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी वर्गवारी आली. तिच्यात टीपी५३ प्रतिकूलच राहिला, पण पूर्वी वाईट मानलेली काही जनुकं अनुकूल गटात गेली.

‘मुलांनाही होईल का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. हे बिघाड बहुधा जन्मानंतर, मॅरोच्या एका पेशीत घडलेले असतात. मुलांकडे जात नाहीत. थोड्या घराण्यांत आरयूएनएक्स१, सीईबीपीए, डीडीएक्स४१ अशा जनुकांतला बदल वारशाने येतो. तसा संशय असेल तर दाता म्हणून निवडलेल्या भावंडाचीही तपासणी करावी लागते, नाहीतर तोच बिघाड ट्रान्सप्लांटमधून परत यायचा.

आजार उलटला तर कॅरिओटाइप पुन्हा करतात, कारण जुन्या बिघाडात नवे मिसळलेले असू शकतात. तेव्हा तुलनेला पहिली ओळ लागते आणि ती अनेकदा सापडत नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सायटोजेनेटिक्स: अ‍ॅबनॉर्मल’ एवढंच असतं. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच्या नमुन्याचा कॅरिओटाइपचा मूळ कागद, फिशमध्ये कोणकोणत्या जागा तपासल्या ती यादी आणि जनुकांचा रिपोर्ट, तिन्हींच्या प्रती पेशंटच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवाव्यात.